प्रवेशिका क्रमांक एकेचाळीस

तोर्निओत डिसेंबरात सकाळचे दहा वाजले तरी
खिडकीबाहेर काळोखच असतो.
बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर तेवढा पिवळा दिवा फिरवत जातो-येतो.
मी कॉफीचा दुसरा मग भरते
आणि कुणा राइमोच्या बागेत उन्हाळा सुरू करते.

स्पर्धेचा तक्ता शेजारी छापून ठेवलाय :
सजावट, वाटा, पाळणे, हिशेब. प्रत्येकी दहा.
परीक्षकानं हातचं राखावं, असं औलिस म्हणतो.
औलिस एका रविवारात वीस बागा उरकतो,
वरून घारीसारखा फिरतो, खाली उतरत नाही.
मी उतरते.
मला पाहुण्यांच्या उंचीवरून बघायचं असतं,
रांगेत पुढच्याच्या मानेमागून.

तर, राइमो.
तुमचा रोलर कोस्टर भित्रा आहे.
पहिल्याच चढावर इतका दम खातो
की बसलेल्यांना मध्येच भूक लागते.
लाकडी खांब मात्र, खोटं कशाला बोलू,
एकेक हातानं लावलाय,
उताराला जिथं भार येणार तिथं दोन दोन.
हे करणाऱ्यानं कधीतरी खरे बोल्ट पिळलेत.
पाळणे : पाच. सजावट : सात.
साडेसात.

बाकं किती ती! आणि सगळी एकाच दिशेला तोंड करून.
तिकीट फुकट. दर महिन्याला खोट,
खोट भरायला कर्ज, कर्जातून पुन्हा बाकं.
हिशेब : दोन.

मग तळ्याच्या पलीकडे, बाकं बघत होती तिकडे,
मला ती दिसली.
पाहुण्यांना खेळ नुसते आकडे देतो,
पाहुणा तीनशे सतरा, पाहुणा तीनशे अठरा.
हिला कुणीतरी बसून नाव दिलंय : हेल्वी.
निळा फुगा. पिवळी छत्री.
बागेत येऊन वर्षं : नऊ.

पोट भरलेलं, कारण दोन पावलांवर लेट्टूंची टपरी.
थकवा नाही, बाक आहे. पाऊस आला तर छत्री.
समोर एकच पाळणा, हंसांचा, संथ,
त्यात ती चार हजार दोनशे सहा वेळा बसलीय.
तिच्या विचारांची चौकट उघडली.
खाली खाली सरकत गेले, तीच ओळ :
मला घरी जायचंय, पण वाट सापडत नाही.

वाट होती.
फाटकाकडे जाणाऱ्या फरशांतली एकच काढलीय,
तिच्या जागी जांभळ्या ल्यूपिनचा ताटवा,
जूनमध्ये इथं रस्त्याकडेला माजतो तसा.

पाय निघत नाही, म्हणतो आपण.
कुणाचा, ते नीट सांगत नाही.

नियमानं हा दोष. औलिस असता
तर तीन गुण कापून पुढच्या बागेत गेला असता.
मी ताटवा उपटला, फरशी बसवली,
माझ्याच प्रतीत, नुसतं बघायला.
हेल्वी थबकली. मग चालायला लागली, हळू,
मग शाळा सुटल्यासारखी.
बाकांकडे पाहिलं नाही. हंसांकडे नाही.
फाटकाबाहेर पडद्याची कड येते,
तिथं सगळेच पुसले जातात, तीही.
फुगा सुटला होता, तो वर चढत राहिला,
बराच वेळ.

पाहुणे : एक हजार चारशे बारा.
मघाशी तेरा होते.

कॉफी गार झाली होती. मी उठले नाही.
राइमोंना पत्र लिहिता आलं असतं. काय विचारणार होते?
बाग बंद करताना खेळानं विचारलं :
बदल जतन करायचे?

नाही.

वाटा : सहा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
तळ्याकाठी एक फरशी कमी आहे.
मग ते खोडलं. खाली लिहिलं,
तळ्याकाठचे ल्यूपिन चांगले राखलेत.